रात्रीचे शंभर टक्के जातात कुठे

लॅपटॉप मेला तेव्हा मी बोलत होतो. आणि मेल्यावरही बराच वेळ बोलतच राहिलो. समोर काळी काच, काचेत माझंच थोबाड, आणि मी त्या थोबाडाला सांगतोय की सर, इथे क्लिक केलं की गैरहजर मुलाच्या आईला आपोआप मेसेज जातो. पलीकडे जयपूरच्या एका शाळेचे प्रिन्सिपल होते. म्हणजे आहेत असं मला वाटत होतं.

मग फोन वाजला. मॅनेजर मॅडम. मॅडम ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्या माणसाची नक्कल तरी करता येते. ह्या नुसत्या हळू बोलतात.

"देखो, तुम प्रोबेशन पे हो. इस बार मैंने बोल दिया नेटवर्क का इशू था. अगली बार मैं कुछ नहीं बोलूँगी. लेटर बोलेगा."

आमची कंपनी नोएडाची, शाळांना हजेरीचं सॉफ्टवेअर विकते. माझं काम घरी बसून ऑनलाइन डेमो द्यायचं. मला घेतलं तेच आवाजामुळे. मलकापूरच्या नगरपालिकेच्या शाळेत एकदा मी हेडमास्तरांच्या आवाजात माइकवरून सुट्टी जाहीर केली होती आणि अर्धी शाळा खरंच घरी गेली होती. शाळेत मिळालेलं तेवढं एकच शिक्षण पुढे कामाला आलं. प्रोबेशन जानेवारीअखेर संपणार होतं. पक्का झालो असतो तर गाझियाबादला एका मित्राबरोबर खोली बघून ठेवली होती. नाही झालो तर परत मलकापूर, बाबांचं झेरॉक्सचं दुकान, आणि गल्लीतल्या प्रत्येकाचं "आलास का दिल्लीहून? राहणार का आता?"

आणि ह्या दोघांच्या मधे तोपर्यंत दिल्लीतलं मयूर विहार. मावशीचा फ्लॅट. आणि काका.

काका म्हणजे मावशीचे मिस्टर. केंद्र सरकारच्या एका खात्यातून रिटायर झाले, पण खात्याला ते कळलं, काकांना नाही कळलं. अजूनही सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून डायनिंग टेबलाशी बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे अर्ज आणलाय का ह्या नजरेनं बघतात. घरभर फिरून बटणं बंद करणं हे त्यांचं मुख्य काम. तुम्ही बाथरूममध्ये असलात तरी.

सप्टेंबरात सोसायटीतल्या मराठी मंडळींचा गणपती होता. त्यात मला म्हणाले काहीतरी करून दाखव. मी काका करून दाखवले. ते कमरेवर हात ठेवून चालणं, बटणाजवळ थांबून दोन सेकंद दुःख करणं, मग टक्, आणि "बिल कोण भरतं, सरकार?" हॉल आडवा झाला. सगळ्यात जास्त मावशी हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटतं काकांनी मला माफ केलं असतं, तिला कसं करणार?

त्या दिवसापासून काकांनी माझं नाव घेणं बंद केलं.

"कलाकार, गिझर बंद कर."

"कलाकार, दूध आलंय."

"काय कलाकार, आज प्रयोग नाही?"

तर त्या दिवशी डेमो मेल्यावर मी खोलीतून बाहेर आलो. बाहेर टीव्ही चालू. वीज गेलेली, टीव्ही चालू. कारण टीव्ही इन्व्हर्टरवर. सोसायटीत नवीन केबल टाकायचं काम काढलं होतं, रोज सकाळी माझी शिफ्ट सुरू व्हायच्या सुमाराला वीज जायची आणि जेवणापर्यंत यायची नाही. माझ्या खोलीतला पॉइंट इन्व्हर्टरवर नव्हता. घेता आला असता.

"काका, तो एक पॉइंट इन्व्हर्टरवर घेऊ या का? माझी नोकरी जाईल."

"इन्व्हर्टर घराचा आहे," काका टीव्हीकडे बघत म्हणाले, "कंपनीचा नाही. कंपनीला सांग इन्व्हर्टर द्यायला."

"लॅपटॉप किती खातो असा?"

"मग बॅटरी कशाला असते त्याला? शोभेला?"

हा मुद्दा मात्र बरोबर होता. बॅटरी कशाला होती? रोज संध्याकाळी मी लॅपटॉप पूर्ण चार्ज करायचो. शंभर टक्के, स्वतःच्या डोळ्यांनी बघून. रात्री चार्जरला लावून ठेवायची परवानगी नव्हती, झोपायच्या आधी काका सगळ्या घराची बटणं फिरून बंद करायचे. ठीक. पण झाकण लावून ठेवलेला, कोणी हात न लावलेला लॅपटॉप सकाळी उघडला की तीस टक्के. कधी पंचवीस. मग चार्जरला लावावा तर वीज जाणार. रात्रीचे शंभर टक्के जातात कुठे, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला, आणि मग दुसरं काही सुचेना.

कंपनीचा आयटीवाला होता फोनवर. त्याला मी कधी पाहिलं नाही, पण आवाजावरून सांगतो, समोसा कायम उजव्या गालात.

"रिस्टार्ट किया?"

"किया."

"एक बार और कर लो."

केलं. मग म्हणाला ब्राइटनेस कमी करा. केला, इतका की माझ्या डेमोत मलाच काही दिसेना. मग म्हणाला पूर्ण उतरू द्या, मग पूर्ण चढवा, मधे थांबू नका. केलं. मग म्हणाला चार्जर बदलून बघा. शेजारच्या ब्लॉकमधल्या एकाकडून तसलाच चार्जर मागून आणला, तो परत देताना त्यानं वायर मोजून घेतली. काही फरक नाही. रात्री शंभर, सकाळी तीस.

"दिन में कितना चलता है बैटरी पे?" त्यानं विचारलं.

"दिन में बैटरी पे कौन चलाता है भाई? शाम को लाइट होती है तो लगा के चलाता हूँ. सुबह तीस से शुरू करता हूँ."

"फिर बैटरी गई सर. पुरानी है. होल्ड नहीं कर रही."

"नई भेज दो."

"प्रोबेशन वालों का अप्रूवल लगता है. अगले महीने देखते हैं."

पुढच्या महिन्यात मी मलकापुरात झेरॉक्सच्या मशीनची बॅटरी शोधत बसलो असतो. झेरॉक्सला बॅटरी नसते हे मला माहीत आहे. तेवढाच आनंद होता त्या कल्पनेत.

घरात मात्र काकांनी निदान करून टाकलं होतं.

"रात्री सिनेमे बघतो हा," मावशीला म्हणाले. माझ्यासमोर. मी पोळी खातोय आणि माझ्याबद्दल तृतीय पुरुषात.

"कधी बघू? तुम्ही वायफाय पण बंद करता रात्री."

"बिल्कुल करतो. तरी बघतोस म्हणजे बघ."

आता मावशीबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मावशी सगळ्याला कव्हर शिवते. दिल्लीत धूळ आहे हे मान्य. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. पण मावशीच्या घरी मिक्सरला झगा आहे, गॅसच्या सिलिंडरला परकर आहे, टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक आहे आणि त्या प्लास्टिकवर दुसरं प्लास्टिक आहे. मी राहायला आलो त्याच आठवड्यात तिनं माझ्या लॅपटॉपला पिशवी शिवली. साधी नाही. जुन्या नऊवारीचे तीन पदर, आत जुन्या दुलईचा कापूस, वरून गोधडीसारखे टाके, तोंडाला गुंडी. बाळंतिणीनं बाळ गुंडाळावं तसा लॅपटॉप त्यात जायचा. आणि नियम असा की घरातलं कुठलंही मशीन रात्री हॉलमधल्या साइडबोर्डवर, आपापल्या कपड्यात. माझ्या खोलीत पुस्तकांवर पडलेला लॅपटॉप तिला बघवायचा नाही.

म्हणून मी रोज रात्री काय करायचो? वही मिटावी तसं झाकण मिटायचो, पिशवीत घालायचो, गुंडी लावायचो, साइडबोर्डवर ठेवायचो. बंद करायचो का? झाकण मिटलं म्हणजे बंदच की. मलकापूरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आमच्यावेळी लॅपटॉप एकच होता, सरांचा, आणि सर असंच मिटायचे.

आणि सकाळी? सकाळी मी उशिरा उठायचो. शिफ्ट सुरू व्हायच्या अगदी तोंडावर. जानेवारीतल्या दिल्लीत लवकर उठणाऱ्या माणसाबद्दल मला संशय आहे.

पण एका सकाळी मित्राचा फोन आला, गाझियाबादच्या खोलीचा मालक आत्ता बोलायला मोकळा आहे म्हणून. बोललो. मालक म्हणाला पगाराचं पक्कं पत्र दाखवा, खोली तुमची. मी चरफडत, दात वाजवत हॉलमध्ये आलो.

काका दिवाणावर बसले होते. माकडटोपी, मफलर, मांडीवर पेपर, हातात चहा. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असं सुख की मी आजपर्यंत त्या चेहऱ्यावर पाहिलेलं नव्हतं, पेन्शन वाढली तेव्हाही नाही. आणि त्यांनी चहाचा घोट घेतला, पाठ मागे रेलली आणि म्हणाले, "आहाहाहा."

चार हा. मी मोजतो असल्या गोष्टी, धंदाच आहे माझा.

आणि त्यांच्या पाठीमागे गुलाबी काठाची, गोधडीच्या टाक्यांची, गुंडी लावलेली माझी पिशवी.

मी जवळ गेलो. पिशवीतून आवाज येत होता. बारीक घूं घूं. आतला पंखा जिवाच्या आकांतानं फिरत होता बिचारा. हात लावला, तर इतकी गरम की वर भाकरी टाकली असती तर फुगली असती.

"काका!"

काकांनी एक डोळा उघडला. "ओरडतोस काय?"

"हा माझा लॅपटॉप आहे!"

"मी कुठे म्हणतो माझा आहे?"

"तुम्ही त्याला टेकलाय!"

"टेकलोय. बसलो नाहीये."

मावशी स्वयंपाकघरातून आली, हाताला पीठ. मला वाटलं आता हिला धक्का बसेल. ती म्हणाली, "अरे, उठलास? चहा ठेवू?"

"मावशी, हे रोज चालतं?"

"अरे राजा, यांची पाठ धरते ना थंडीत. ती रबराची गरम पाण्याची पिशवी फुटली दिवाळीत. आणि तुझं ते असंही गरमच असतं रे सकाळी. मी धूळ झटकायला उचललं तर इतकं ऊबदार! म्हटलं, वाया जातेय ऊब."

वाया जातेय. ह्या घरात चहाची पावडर दोनदा उकळते आणि मग गुलाबाच्या कुंडीत जाते. संत्र्याची सालं वाळून उटण्यात जातात. तिथे अख्ख्या लॅपटॉपची ऊब कोणी वाया घालवील?

"पण तो गरम का होतो असा कोणी विचार केला का? तो बंद असता तर थंड असता ना!"

"थंड होतो की मधेच," मावशी सहज म्हणाली. "मग हे झाकण एकदा उघडून परत लावतात. की परत पेटतो."

मी काकांकडे बघितलं. काका पेपरकडे बघत होते.

"झाकण उघडून परत लावता?"

"तंत्र आहे ते," काका म्हणाले. "तुला जमलं नाही चार महिन्यांत. मला दोन दिवसांत कळलं."

मी तिथेच आयटीवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. झोपेत होता, समोसा नव्हता, आवाज वेगळाच लागला. त्याला सांगितलं. तो पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, सर, नुसतं झाकण मिटलं की हा लॅपटॉप पूर्ण झोपत नाही, अर्धा जागा असतो, आत अपडेट-बिपडेट काहीबाही करत राहतो. कापसात गुंडाळला तर गरमी बाहेर जात नाही, पंखा फिरत राहतो, बॅटरी रात्रभर जळते. आणि रोज असं भाजून काढलं तर बॅटरीचं आयुष्यही गेलं समजा. शटडाउन करके रखो सर, खुला. और अंकल को बोलो हीटिंग पैड ले लें.

"ऐकलंत?" मी म्हटलं.

"ऐकलं. म्हणजे चूक तुझी. तू बंद करत नव्हतास."

"तुम्ही झाकण उघडून पेटवत होतात!"

"जो रात्रभर चालू ठेवतो तो दोषी, की सकाळी जरा टेकतो तो? कुठल्याही ऑफिसात विचार."

"माझी नोकरी जाईल ह्या पाठीपायी!"

"माझी पाठ नोकरी करून गेलीय, कलाकार. चौतीस वर्षं. तू सहा महिने टिकून दाखव."

मग मी जे केलं ते करायला नको होतं, पण राग आला की माझ्या तोंडून माझा आवाज येतच नाही. मी डोळे मिटले, मागे रेललो आणि म्हटलं, "आहाहाहा." चारही हा. तंतोतंत. चहाच्या घोटासकट.

मावशीनं पदर तोंडाला लावला. काका उठले, आत गेले आणि खोलीचं दार लावलं. जाताना हॉलचा दिवा बंद केला.

पुढचे काही दिवस आम्ही एकमेकांशी मावशीमार्फत बोलायचो. "त्याला सांग आंघोळ झाली असेल तर गिझर बंद कर." "त्यांना सांग गिझर लावलाच नव्हता." मी लॅपटॉप रात्री नीट बंद करून उशाशी ठेवायला लागलो. मी नियम मोडल्याचं मावशीनं बघितलं आणि रिकामी पिशवी घडी करून ठेवली. सकाळी आता पंचाण्णव टक्के असायचे. पण आयटीवाला म्हणाला होता ते खरं ठरलं. भाजलेली बॅटरी ती, पंचाण्णव म्हणायची आणि तासाभरात मान टाकायची. माझा डेमो साधारण पाऊण तास चालतो. म्हणजे जेमतेम. काठावर.

आणि शेवटचा डेमो मोठा होता. हैदराबादची पाच-सहा शाळांची संस्था. मॅडम म्हणाल्या, "ये वाला ठीक गया तो कन्फर्म. नहीं गया तो तुम समझदार हो." तो होता संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी.

संक्रांतीला आमचं मंडळ काला अंबला जातं. पानिपतला, जिथे स्मारक आहे. दिल्लीतला मराठी माणूस वर्षभर छोले खातो आणि त्या एका दिवशी त्याला आठवतं आपण कोण. मंडळाची बस निघते, पोळ्या आणि गुळाच्या वड्या बरोबर, आणि तिथे दरवर्षी काका भाषण करतात. दरवर्षी तेच. मराठे का हरले? रसद तुटली म्हणून. शौर्यात कमी नव्हते, रसद तुटली. हे वाक्य ते तीनदा म्हणतात, तिसऱ्यांदा बोट वर करून.

"तू ये," मावशी म्हणाली. "यांना बरं वाटेल."

"त्यांना बरं वाटण्यासाठी मी मलकापूरला गेलो तर जास्त उपयोग होईल."

"ये रे. माझ्यासाठी."

कंपनीला त्या दिवशी सुट्टी होती. गेलो. लॅपटॉप बरोबर घेतला, बसमध्ये प्रॅक्टिस होईल म्हणून. मावशीनं परत त्या गुलाबी पिशवीत घालून दिला. "बंद आहे ना? मग घालू दे. बसमध्ये धूळ असते."

बस निघायच्या आधी काकांनी सगळ्यांना तिळगूळ वाटला. माझ्यापाशी आले. वडी हातावर ठेवली, पुढचं गोड बोलण्याचं वाक्य मात्र गिळलं आणि पुढच्या सीटवर गेले. मीही त्यांना वडी दिली. मीही काही बोललो नाही. वडी चांगली होती.

सोनीपतच्या पुढे धुकं इतकं की ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून चालवत होता. बसला हीटर नव्हता. चार्जिंगचा पॉइंट होता, त्यात कोणीतरी च्युइंगगम भरलेलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा माझी बोटं माझी वाटत नव्हती. मंडळी स्मारकाकडे निघाली आणि माझा फोन वाजला.

मॅडम. "क्लाइंट ने प्रीपोन कर दिया. अभी, आधे घंटे में. कर लोगे ना?"

सुट्टी आहे म्हणालो असतो. पण त्या हळू बोलत होत्या. मी म्हटलं, "येस मॅम, बिल्कुल."

बसमध्ये परत आलो, लॅपटॉप उघडला. निघताना पंचाण्णव होते. उघडला तर एकोणसाठ, आणि मी बघतोय तोवर चोपन्न. आयटीवाल्याला फोन.

"ठंड लग गई होगी सर. ठंड में बैटरी बैठ जाती है, और आपकी तो पहले से कमज़ोर है. तुरंत बंद करो. थोड़ा गरम कर लो, फिर चालू करना. आग-वाग पे मत रखना. बस किसी के बदन की गर्मी जितना."

किसी के बदन की.

मी बसच्या दारात उभा राहिलो. पलीकडे धुक्यात मंडळी जमली होती, माइक लावला होता, आणि काका कोट, शाल, माकडटोपी, मफलर अशा चार थरांत उभे होते, भाषणाला सुरुवात करणार. त्या अख्ख्या मैदानात एवढा गुंडाळलेला, एवढा गरम माणूस दुसरा नव्हता. मला दुसरा कोणीही चालला असता. खरं सांगतो, रस्त्यावरची म्हैसही चालली असती.

गेलो. "काका."

"आत्ता नाही. सुरू करतोय."

"डेमो आत्ता आलाय. अर्ध्या तासात. बॅटरी थंडीनं बसलीय. ती गरम करायला पाहिजे."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या गुलाबी पिशवीकडे. मग परत माझ्याकडे. त्या क्षणाची नक्कल मला अजून जमलेली नाही.

"म्हणजे आता पाठ चालते?"

मी पिशवी पुढे केली.

"परवा पाठीपायी नोकरी जात होती."

"काका, हा डेमो झाला तर मी पक्का. नाही झाला तर—"

"पक्का झालास तर जाशील ना गाझियाबादला?"

"त्याच आठवड्यात."

"नक्की?"

"पत्र आलं की खोली. मालकाशी बोललोय."

काकांनी माइकवाल्याला हात केला, थांब. "आण इकडे," म्हणाले.

बसच्या मागच्या सीटवर ते बसले, कोटाची बटणं काढली, पिशवी पाठीमागे घेतली, वरून शाल ओढून घेतली. बाहेर मंडळी वाट बघत होती. कोणीतरी विचारायला आलं, भाषण कधी? काका म्हणाले, "थांबा. महत्त्वाचं काम चालू आहे." आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलो.

"नुसती गार आहे," थोड्या वेळानं काका म्हणाले. "बर्फ ठेवलाय पाठीला. आता माझी पाठ धरली तर?"

"मलम देईन."

"तू काही देणार नाहीस. तू जा फक्त."

अर्धा तास होत आला तेव्हा त्यांनी पिशवी काढून माझ्या हातात दिली. गरम नाही, पण माणसासारखी होती. चालू केला: अठ्ठावन्न. बघत राहिलो: अठ्ठावन्न. टिकले.

काका उठले, बटणं लावली, दारातून म्हणाले, "गडबड करू नकोस. आणि माझा आवाज काढू नकोस तिथे." आणि गेले.

फोनचं नेट जोडलं, डेमो सुरू केला. हैदराबादचे सर कडक होते. मी हजेरी दाखवतोय, फी दाखवतोय, आणि बाहेर माइकवर काका. बंद खिडक्यांतूनही ऐकू येत होते. रसद तुटली.

"ये पीछे कौन बोल रहा है?" सरांनी विचारलं.

"सर, मैं पानीपत में हूँ. पीछे लड़ाई चल रही है."

मॅडम पण जोडलेल्या होत्या, त्यांचा श्वास थांबलेला मला दिसला. मग सर हसले. "कौन जीत रहा है?"

"अभी तक बैटरी, सर."

चौतीस. सव्वीस. मी बोलायचा वेग वाढवला, मेसेज, रिपोर्ट, बसचा रूट, सगळं. बाहेर दुसऱ्यांदा रसद तुटली. चौदा. सर प्रश्न विचारायला लागले, मी उत्तरं देतोय आणि डोळे कोपऱ्यातल्या त्या आकड्यावर. नऊ. "ठीक है, अच्छा है," सर म्हणाले. "मैडम, आप पेपर्स भेज दीजिए." सगळ्यांनी थँक यू म्हटलं. मी थँक यू म्हणायला तोंड उघडलं आणि काच काळी. त्याच वेळी बाहेर तिसऱ्यांदा, बोट वर करून असणार, रसद तुटली.

दहा मिनिटांनी मॅडमचा फोन. "ठीक था. लड़ाई वाला मत बोला करो. मंडे को लेटर आ जाएगा."

परतीच्या बसमध्ये काका माझ्या शेजारी येऊन बसले. दुसरी जागा नव्हती, नाहीतर आले नसते.

"झालं?"

"झालं."

"कधी जातोस?"

"पत्र सोमवारी. मंगळवारी सामान नेतो."

"बरं."

मग त्यांनी, न विचारता, माझ्या मांडीवरची गुलाबी पिशवी उचलली, पाठीमागे ठेवली आणि रेलले. डोळे मिटले. मी वाट बघत होतो. आहाहा काही आलं नाही. त्यांनी जरा सरकून बघितलं. मग गुंडी काढून, हात आत घालून, झाकण एकदा उघडलं आणि परत लावलं. परत रेलले.

"गरम होत नाहीये," म्हणाले.

"संपलीय बॅटरी. डेमोत."

"पूर्ण?"

"पूर्ण."

त्यांनी पिशवी काढून माझ्या मांडीवर आपटली. "तुझं काही म्हणजे काही टिकत नाही."

मयूर विहारचा मेट्रोचा पूल दिसायला लागला तेव्हा काकांनी खिडकीबाहेर बघत, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "नवीन बॅटरी कधी येणार म्हणालास?"

"मी गेल्यावर," मी म्हटलं.